पुढचा ब्रेक, उसाची ट्रॉली आणि पुणे–कराड रस्ता : नव्या बाइकस्वाराच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 23, गाव कराड, नोकरी पुण्यात. आजवर फक्त स्कूटर चालवलेली. गेल्या महिन्यात 160 सीसीची बाइक घेतली आणि आता सुट्टीला बाइकनेच गावी जायचं मनात आहे. वडील म्हणतात, पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील. मित्र म्हणतात, काही होत नाही, बिनधास्त चालव. मग हायवेवर कधी निघू, हेल्मेट कोणतं घेऊ आणि आईला मागे बसवून कधी नेऊ?

माझं बरंचसं आयुष्य साताऱ्यात गॅरेजमध्ये गेलं, आता नव्या चालकांचा मैदानावर सराव घेतो. मित्रांचा सल्ला सोडून द्या. वडिलांच्या सल्ल्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो सल्ला घरोघरी दिला जातो आणि तोच सगळ्यात जास्त महागात पडतो.

त्याआधी एक कोरडी गोष्ट. लायसन्स बाहेर काढा आणि वाहनाचा प्रकार वाचा. स्कूटरवर टेस्ट दिली असेल तर बहुधा विनागिअर दुचाकीचंच लायसन्स असेल. ते गिअरच्या बाइकला चालत नाही. पोलिसांनी धरलं तर दंड भरून सुटाल, पण अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकतो. गिअरच्या बाइकचं लर्निंग काढा, महिन्याभराने टेस्ट द्या. आरटीओच्या टेस्टमधला तो 'आठ'चा आकडा लोक हसण्यावारी नेतात, पण पाय न टेकता, अर्ध्या क्लचवर, मागचा ब्रेक हलका धरून सावकाश आठ काढता येणं हीच बाइक हातात आल्याची पहिली खूण आहे. ट्रॅफिकमध्ये नवा माणूस पडतो तो बहुतेक वेळा पाच-दहाच्या स्पीडला, यू टर्न घेतानाच पडतो.

आता पुढचा ब्रेक. वडिलांच्या पिढीने राजदूत, येझदी चालवल्या. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, रस्त्यावर खडी आणि फुफाटा. हँडल वळलेलं असताना किंवा खडीवर पुढचा ब्रेक आवळला की गाडी आडवी होणारच, आजही होते. तेवढ्यापुरता त्यांचा अनुभव खरा आहे. पण त्यातून 'पुढचा ब्रेक वाईट' असा नियम निघाला, तो चुकीचा. ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला पकड कसली राहणार? म्हणून जोरात थांबायचं असेल तेव्हा निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्यावर थांबायला गेलात तर ब्रेक लागल्यापासूनचं अंतर जवळपास दुप्पट होतं, आणि मागचं चाक घसरून शेपूट फिरते ती वेगळीच.

आकड्यांत सांगतो. ताशी 60 ला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. समोरचं दिसून बोटं लिव्हरवर दाबेपर्यंत एक सेकंद गेलाच. त्यानंतर कोरड्या डांबरावर, दोन्ही ब्रेक चांगले वापरले, तर आणखी 23-24 मीटर. म्हणजे झाले 40 मीटर. ताशी 80 ला हेच अंतर 64 मीटरच्या आसपास जातं. स्पीड वाढला एक तृतीयांशाने, अंतर वाढलं दीडपटीहून जास्त. पावसात यात आणखी भर घाला.

हे वाचून कळत नाही, हाताला कळावं लागतं. रविवारी सकाळी एखादं सिमेंटचं मोकळं आवार किंवा रिकामा सरळ रस्ता शोधा. ताशी 20 ला या, हँडल सरळ, नजर लांब. दोन बोटांनी पुढचा लिव्हर आधी फक्त सैलपणा जाईपर्यंत ओढा. फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअब्सॉर्बर, दबताना जाणवेल, गाडी नाक खाली घालते. ती दबली की मग जोर वाढवा. हे दोन टप्पे फार महत्त्वाचे आहेत. घाबरलेला माणूस एकदम मूठ आवळतो, फोर्क दबायच्या आत चाक जाम होतं आणि मग 'पुढच्या ब्रेकने पाडलं' म्हणतो. त्याच वेळी उजव्या पायाने मागचा बेताने दाबा, थांबता थांबता क्लच ओढा, डावा पाय खाली. 20 ला जमलं की 30, मग 40. एका सकाळी संपवू नका, काही रविवार लागू द्या.

तुमच्या बाइकला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असणारच. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते बंधनकारक आहे. पण शोरूममध्ये विचारलं नसेल तर आता पुस्तिकेत बघा, सिंगल चॅनेल आहे की ड्युअल. सिंगल असेल तर एबीएस फक्त पुढच्या चाकाला, मागचं अजूनही जाम होऊ शकतं. एबीएस काम करू लागला की लिव्हर बोटांखाली थरथरतो. नवी पोरं ते थरथरणं ऐन वेळी पहिल्यांदा अनुभवतात, दचकून लिव्हर सोडतात आणि समोरच्या टेम्पोत जातात. म्हणून मैदानावर मुद्दाम एकदा तो थरथराट येऊ द्या, आणि दाबून धरायची सवय लावा.

वळणात मात्र वडिलांचं ऐका. गाडी कललेली असताना ब्रेक आवळायचा नाही. जो काही स्पीड कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी उभी असताना. आणि नजर वळणाच्या शेवटावर. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल, दगडाकडे बघाल तर दगडावर. हे खरंच असं होतं, शिकवताना दर बॅचला बघतो.

हेल्मेटवर फार बोलत नाही. 2022 च्या केंद्र सरकारच्या अहवालात देशभरात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यात 44.5 टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर. पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय शिक्क्याचं घ्या, रस्त्याकडेला चादरीवर मांडलेलं नको. दुकानात दोन परीक्षा करा. घालून दहा मिनिटं तसेच थांबा. गाल दाबले जायला हवेत, कपाळावर एकाच जागी दुखायला नको. मग पट्टा लावून मागची कड धरून पुढे उलटवायचा प्रयत्न करा. डोक्यावरून निघालं तर एक साइझ कमी घ्या. दीड-दोन हजारांत चांगलं मिळतं. काळी काच रात्री वापरू नका. हेल्मेट आरशावर अडकवायची सवय नको, आतल्या थर्माकोलला खोक पडते. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पोलिसांसाठी असतं, पडताना ते तुमच्या आधी उडून जातं.

हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट या दोन गोष्टी लोक शेवटी घेतात, मी म्हणेन हेल्मेटच्या पाठोपाठ घ्या. पडताना माणूस आधी हात टेकतो. तळहाताची सालटी निघाली की जेवण, अंघोळ, सगळंच दुसऱ्यावर. जॅकेट जमेल तेव्हा. संक्रांतीच्या आसपास गळ्याभोवती जाड कापडाची पट्टी हवीच. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी जानेवारीत पुलांवर तो लोंबकळतोच.

आता तुमचा रस्ता. एक्स्प्रेस-वे आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. पुणे–सातारा–कराड हायवेवर ती नाही, त्यामुळे ट्रक, कंटेनर, एसटी, ट्रॅव्हल्स आणि तुम्ही, सगळे एकाच पट्ट्यात. अंतर साधारण 160 किलोमीटर. बाइक हातात येऊन दोन-तीन महिने होईपर्यंत ते करू नका. आधी पहाटे शिरवळपर्यंत जाऊन या, मग साताऱ्यापर्यंत, मग घरी. आणि शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर निघायचं तर कधीच नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसलेले डोळे, पोटात भूक, वरून अंधार. शनिवारी उजाडताना निघा, नाश्त्याला घरी पोचाल. परत येताना रविवारी दुपारी जेवून लगेच. संध्याकाळी अख्खं पश्चिम महाराष्ट्र पुण्याकडे निघालेलं असतं.

ट्रकबद्दल एक गोष्ट पक्की धरा : ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. क्लीनर साइडने, म्हणजे डावीकडून, घुसू नये हे सगळे सांगतात. पण आपल्या हायवेवर लोडेड ट्रक उजवी लेन अडवून शिरवळ ते सातारा निवांत चालतात, मग डावीकडून जाण्यावाचून इलाज राहत नाही. जायचंच असेल तर आधी मागे, त्याच्या आरशात दिसाल असे थांबा. हॉर्न, डिप्पर. पुढे डावीकडे ढाबा, पेट्रोल पंप किंवा सर्व्हिस रोडचा फाटा नाही ना ते बघा. आणि मग एका दमात पार व्हा. ट्रेलरच्या बाजूबाजूने चालत राहणं सगळ्यात वाईट. त्याला ढाबा दिसला की तो डावीकडे ओढणार आणि तुम्ही मधल्या चाकांशी. ट्रकच्या उजव्या इंडिकेटरवरही विसंबू नका. कोणी तो 'ये, पुढे जा' म्हणून देतो, कोणी खरोखर उजवीकडे वळणार असतो. दुभाजकात जिथे वळायला फट ठेवलेली असेल तिथे तर दुसराच अर्थ धरून चाला.

जाताना खंबाटकीचा घाट चढायचा. तिथे एसटी किंवा लांब ट्रेलरच्या शेजारी वळणावर राहू नका. त्याची मागची चाकं आतून कापत जातात आणि आतल्या बाजूच्या दुचाकीला जागाच उरत नाही. वळणांवर डिझेल सांडलेलं असतं, काळपट ओला पट्टा दिसला की गाडी उभी ठेवून त्यावरून जायचं, ब्रेक नाही, झुकणं नाही. येताना जुन्या बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि एस वळण, ते किती माणसं गिळून बसलंय हे सातारकरांना विचारा. तसाच पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक तिथे ब्रेक जाऊन खाली येतात. त्या उतारावर आरशात बघत राहा, जड गाडी मागून जवळ येताना दिसली की तिच्या रेषेतून बाजूला व्हा. पुढे राहायचा हट्ट धरायची ती जागा नाही. आरसे म्हणून लागतात. स्टाइलसाठी काढून ठेवलेले आरसे आजच परत लावा.

आणि मग ऊस. तुम्ही कराडचे, तुम्हाला गळीत हंगाम सांगायला नको. पण गाडीत बसून बघणं वेगळं आणि बाइकवर भेटणं वेगळं. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात आणि मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, किंवा लोंबणाऱ्या उसाने झाकलेला. ट्रॅक्टरवर गाण्यांचा टेप इतका मोठ्याने लावलेला की हॉर्न ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही. रात्री ती ट्रॉली तुम्हाला 'दिसत' नाहीच. दिसतं ते एवढंच की लांबून येणाऱ्या गाड्यांचे दिवे मध्येच एका जागी नाहीसे झाले. रस्त्याच्या कडेचे पांढरे पट्टे पुढे अचानक तुटले. तिथे काहीतरी उभं आहे असं समजून ॲक्सिलरेटर सोडायचा, खात्री नंतर. कारण तुमच्या लो बीममध्ये न रंगवलेली, मातकट वस्तू 30-40 मीटरवर आली तरच ओळखू येते, आणि 60 ला थांबायला 40 लागतात हे वर बघितलंच. म्हणून रात्री, जिथे रस्त्यावर दिवे नाहीत तिथे, माझा आकडा 50 आहे. मागून कोणी हॉर्न मारला तर मारू दे.

ट्रॉलीचा एक्सल तुटला किंवा टायर बसला की ती आहे तिथेच सोडतात. इशारा म्हणून मागे दगड मांडतात, कधी उसाचं वाढं टाकतात. दुसऱ्या दिवशी ट्रॉली जाते, दगड तिथेच. उंब्रज, अतीत, नागठाण्याच्या आसपास पहाटे अंधारात डावीकडच्या कडेला असे दगड हमखास. त्यासाठीच सांगतो, अगदी कडेने चालू नका. नवी मुलं भीतीने पांढऱ्या पट्ट्याला चिकटतात. तिथे वाळू, काचा, पाचट, दगड, उलटे येणारे राँग साइडवाले, सगळं तिथेच. डाव्या लेनमध्ये, पण चारचाकीचं चाक जिथून जातं त्या रेषेत चाला. रस्ता तिथे साफ असतो आणि मागच्यालाही तुम्ही ठळक दिसता.

पावसाबद्दल दोन वाक्यं. पहिल्या सरी पडतात तेव्हा महिनोन्महिने साचलेलं ऑइल वर येतं, त्या अर्ध्या-पाऊण तासात टपरीवर चहा घ्या. नंतरही पांढरे पट्टे, झेब्रा, गटारांची झाकणं, पुलावरच्या लोखंडी सांध्याच्या पट्ट्या आणि वावरातून ट्रॅक्टरने आणलेली काळी माती यांवर ब्रेक आणि झुकणं टाळा.

गाडीची देखभाल अवघड नाही. आठवड्यातून एकदा टायरची हवा, तीही गाडी थंड असताना, आकडा चेनच्या कव्हरवरच्या किंवा पुस्तिकेतल्या तक्त्यात बघून. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना एकच हवा भरतो. चेन सुकी, ढिली ठेवू नका. नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून, त्याचा वरचा तुकतुकीत थर जायचा असतो.

कोणी पडलेला दिसला तर थांबा. 108 ला फोन, आपली गाडी आणि लोक असे उभे करा की मागून येणाऱ्याला लांबून दिसेल. श्वास चालू असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, साक्षीलाही जबरदस्तीने ओढता येत नाही. पोलिसांच्या भीतीने लोक निघून जातात, ते कारण आता उरलेलं नाही.

राहिला आईचा प्रश्न. मागे माणूस बसलं की गाडी दुसरीच होते. थांबायला जास्त अंतर लागतं, हँडल हलकं वाटतं, वळताना वेगळं वाटतं. म्हणून आधी एखाद्या मित्राला बसवून ब्रेकचा तोच मैदानावरचा सराव पुन्हा करा. मागच्याचं हेल्मेट कायद्यानेही सक्तीचं आहे आणि आईसाठी तुमच्यासारखंच पूर्ण तोंडाचं घ्या, अर्धी टोपी नको. बाइकला साडी गार्ड आणि मागच्याला धरायला हँडल नियमानेच असतं, पण 'लूक जातो' म्हणून काहीजण साडी गार्ड काढून टाकतात. तुम्ही काढलं असेल तर बसवून घ्या. पदर आणि ओढणी चाकात गेल्यावर काय होतं ते मी गॅरेजमध्ये चाकातून कापड कापून काढताना पाहिलंय, त्याचं वर्णन नको. त्यांना दोन्हीकडे पाय टाकून बसता आलं तर उत्तम, नाहीतर पदर खोचलेला, पाय फूटरेस्टवर टेकलेले, हात तुमच्या कमरेला. सुरुवात गावातल्या गावात करा, मंगळवार पेठेतून कृष्णाकाठच्या घाटापर्यंत, 30 च्या वर न जाता. कराडहून पुण्याला मात्र त्यांना यंदा तरी एसटीनेच येऊ द्या, बायकांना अर्धंच तिकीट आहे.